खाडीच्या होडीसाठी फुगणारं लाइफ जॅकेट : प्रकल्प नोंदी

१८ ऑगस्ट २०२५ : कामाची आखणी

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. दाभोळ खाडीत एक-दोन माणसांच्या छोट्या फायबरच्या होड्यांवर लाइफ जॅकेट असतं, पण ते नाळेतल्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकातल्या, खणात, ओल्या जाळ्याखाली. कारणं ठाऊक आहेत. फोमचं जॅकेट छातीवर जाड येतं, पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकताना कोपर अडतो, जाळ्याचं शिसं बकलात गुंततं आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते अंगावर ठेववत नाही. पाण्यात पडल्यावर मात्र खणातलं जॅकेट काढून अंगात घालायला वेळच नसतो. बुडणारा माणूस हाका मारत नाही, हात हलवून बोलावत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असतं आणि जेवढ्यापुरतं वर येतं तेवढ्यात श्वास घेणंच जेमतेम जमतं. फ्रान्सेस्को पिया यांनी न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक म्हणून काम करताना हे वर्तन नोंदवलं. पाण्याच्या पृष्ठभागावरची ही धडपड २० ते ६० सेकंदच चालते, हे त्यांचं निरीक्षण.

यावरून ठरवलेल्या अटी:

जॅकेट दिवसभर अंगावर राहिलं पाहिजे, म्हणजे न फुगलेल्या अवस्थेत ते दोन खांद्यांवरच्या पट्ट्यांइतकंच जाणवलं पाहिजे. पडल्यावर माणसाने काहीही केलं नाही तरी १० सेकंदांत फुगलं पाहिजे, कारण होडीच्या कडेवर डोकं आपटून शुद्ध हरपू शकते. पालथ्या माणसाला ते उताणं करू शकलं पाहिजे. आणि गावातल्याच माणसाला ते पुन्हा सज्ज करता आलं पाहिजे.

कमरेला बांधायच्या पाऊचचा विचार इथेच सोडला. तो हलका आणि सुटसुटीत असतो, पण फुगल्यावर फुगा डोक्यातून मानेत घालावा लागतो. बेशुद्ध माणूस ते करणार नाही, आणि कमरेपाशी फुगलेला फुगा त्याला पालथाच ठेवू शकतो. म्हणून मानेभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराचा फुगा.

फुगा, इन्फ्लेटर (कार्ट्रिज फोडून गॅस फुग्यात सोडणारा भाग) आणि गॅसचं कार्ट्रिज प्रमाणित विकत घ्यायचं. या तीन गोष्टी घरी बनवायच्या नाहीत. टीपीयूचा, म्हणजे लवचीक प्लास्टिकचा, थर असलेलं नायलॉन इस्त्रीनेसुद्धा जोडता येतं, पण जोड सगळीकडे सारखा बसला की नाही हे नुसतं बघून कळत नाही आणि तो फाटतो तो पहिल्या झटक्यालाच. आपलं काम तीन ठिकाणी: वरचं कवच आणि पट्टे, होडीवर वाजणारा इशारा, आणि देखभालीची पद्धत.

२ सप्टेंबर २०२५ : किती उचल लागते

बहुतेक प्रौढ माणसांना डोकं पाण्यावर ठेवायला जास्तीची ३१ ते ५३ न्यूटन उचल पुरते, म्हणजे अंदाजे ३ ते साडेपाच किलो. मग १५० न्यूटनचं जॅकेट कशाला, हा प्रश्न प्रत्येक होडीवर विचारला जातो. उत्तर असं की ३१ ते ५३ हा आकडा शांत पाण्यातल्या, शुद्धीवरच्या माणसाचा आहे. बेशुद्ध माणसाला पलटवायचं तर छातीच्या पुढच्या बाजूला बरीच जास्त उचल हवी, आणि लाट तोंडावरून जाऊ नये म्हणून हनुवटी वर उचलून धरायला आणखी. आयएसओ १२४०२ मानकात ५०, १००, १५० आणि २७५ न्यूटन असे चार वर्ग आहेत. ५० हा पोहता येणाऱ्यासाठी, मदत जवळ असेल तिथे. १०० आडोशाच्या पाण्यासाठी. आपली होडी ओहोटीबरोबर खाडीच्या तोंडापर्यंत जाते, तिथे लाटा फुटतात. म्हणून १५०.

३३ ग्रॅमचं कार्ट्रिज पुरतं का, ते मांडून पाहिलं. कार्बन डायऑक्साइडचा एक मोल ४४ ग्रॅमचा, म्हणजे ३३ ग्रॅम हे ०.७५ मोल. २७ अंश सेल्सिअसला हवेच्या दाबाखाली त्याचं आकारमान सुमारे १८.५ लिटर. फुगा घट्ट होतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ०.१ बार जास्त असतो, त्यामुळे प्रत्यक्षात १६.८ लिटरच्या आसपास मिळतं. गोड्या पाण्यात ती १६५ न्यूटन उचल, समुद्राच्या पाण्यात १६९. पुरेसं आहे, पण फार शिल्लक नाही. कार्ट्रिजमधून ५ ग्रॅम गॅस गेला असेल तर फुगा ढिला राहतो आणि उचल १५० च्या कडेला येते. म्हणून कार्ट्रिजचं वजन करणं हे या सगळ्या देखभालीतलं सर्वांत महत्त्वाचं काम आहे.

१६ ग्रॅमची कार्ट्रिजं स्वस्त मिळतात. तेच गणित केलं तर ९ लिटरसुद्धा भरत नाही. शिवाय कार्ट्रिजचे आटे वेगवेगळे असतात. ३/८ इंच आणि १/२ इंच हे दोन नेहमीचे, आणि अर्ध्या इंचातही आट्यांची संख्या वेगळी असू शकते. चुकीचं कार्ट्रिज दोन फेरे बसतं, मग अडतं, आणि हाताला घट्ट लागलं असं वाटतं. अशा वेळी इन्फ्लेटरमधली, कार्ट्रिज फोडणारी सुई त्याच्या तोंडाच्या सीलपर्यंत पोहोचतच नाही. इन्फ्लेटरच्या कंपनीने सांगितलेलंच कार्ट्रिज घ्यायचं, दुसरं नाही.

१३ सप्टेंबर २०२५ : आपोआप फुगण्याची यंत्रणा

बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत.

पहिल्यात कागदाच्या लगद्याची किंवा विरघळणारी गोळी असते. ती ओली झाली की ढासळते, तिने दाबून धरलेली स्प्रिंग सुटते आणि सुई कार्ट्रिजचं तोंड फोडते. स्वस्त, साधी, सुटे भाग मिळतात. दोष एकच, पण कोकणात तो मोठा: तिला पाणी म्हणजे पाणी. पडल्यावरचं, लाटेचं, पावसाचं, ओल्या जाळ्यातून गळणारं. पावसाळ्यातल्या दमट हवेतही गोळी हळूहळू मऊ पडते आणि एखाद्या रात्री खुंटीवर टांगलेलं जॅकेट आपोआप फुगतं. असं दोनदा झालं की माणूस गोळी काढून ठेवतो आणि आपोआप फुगणारं जॅकेट नुसतं दोरी ओढायचं होऊन बसतं. घातलेल्याला वाटत असतं की ते आपोआप फुगेल, हे त्याहून वाईट.

दुसरा प्रकार पाण्याच्या दाबावर चालतो. गोळी आतच असते, पण तिच्यासमोर एक झडप असते आणि ती सुमारे १० सेंटिमीटर पाण्याखाली गेल्यावरच उघडते. वरून बादली ओतली तरी उघडत नाही. महाग आहे, सुटा संच सहज मिळत नाही, पण बदलायची मुदत लांब असते.

पाग आणि जाळी ओढणाऱ्यांसाठी दाबावर चालणारा प्रकारच घ्यायचा, असं ठरलं. पैसे वाचवायचे असतील तर इशाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये वाचवावेत, इथे नाही. दोन्ही प्रकारांत ओढायची दोरी असतेच आणि तोंडाने फुगवायची नळीही. दोरी ओढण्याआधी नळीतून फुंकायचं नाही, हे शिकवावं लागेल. आधीच भरलेल्या फुग्यात ३३ ग्रॅम गॅस घुसला तर जोडांवर नको तेवढा ताण येतो.

एक सावधानता नोंदवून ठेवतो. केबिन असलेल्या मोठ्या नौकेत, आत बसणाऱ्याने आपोआप फुगणारं जॅकेट घालू नये. नौका उलटली तर फुगा माणसाला छताला चिकटवतो आणि खाली बुडी मारून दारातून बाहेर पडता येत नाही. आपल्या होड्या उघड्या आहेत, म्हणून आपल्याला हे चालतं.

२७ सप्टेंबर २०२५ : कवच आणि पट्टे

कवचासाठी घट्ट विणीचं पॉलिएस्टर, बाहेरची बाजू गुळगुळीत. खिसे, कड्या, बाहेर लोंबणारं काहीही नाही. पाग टाकणारा जाळ्याचा एक पदर कोपरावर किंवा खांद्यावर घेतो आणि कंबरेतून वळतो. त्या वळणात छातीच्या मधोमध बकल असेल तर जाळं त्यात गुंततंच. म्हणून बकल डाव्या बरगडीखाली नेलं आणि त्यावर कापडाची झडप दिली. ओढायच्या दोरीची मूठ आत दुमडून वेल्क्रोच्या छोट्या तुकड्याने धरली. मूठ लाल, बाकी कवच गडद.

कवच वेल्क्रोने बंद होतं आणि फुगताना फाटल्यासारखं उघडतं. वेल्क्रोची रुंदी २० मिलिमीटर पुरते. ३८ मिलिमीटरची लावली तेव्हा खांद्याशी फुगा उघडायला उशीर झाला आणि तो एका बाजूनेच बाहेर आला. वेल्क्रोत वाळू आणि मिठाचे कण साठले की पकड सुटते, म्हणून आकड्यांची बाजू खाली आणि मऊ बाजू वर.

कमरेचा पट्टा ४० मिलिमीटर, खेचल्यावर छातीशी मूठभर जागा राहील इतका घट्ट.

आता जांघेचा पट्टा. हा बहुतेक जण काढून टाकतात आणि तोच जॅकेटचं अर्धं काम करतो. फुगा वर जातो, माणूस खाली राहतो. पट्टा नसेल तर जॅकेट कानांपर्यंत चढतं, हनुवटी आतल्या बाजूला दबते आणि उताणं होऊनही तोंड पाण्याच्या पातळीला येतं. पट्टा अंगाला रुततो अशी तक्रार होती, म्हणून २५ मिलिमीटरचा मऊ, मांड्यांवरून जाणारा, दोन भागांचा केला. तो पायजम्यावर किंवा हाफ पँटवर बसतो आणि खाली बसून जाळं निवडताना अडत नाही.

रेनकोट जॅकेटच्या वर घालायचा नाही. आत फुगलेला फुगा रेनकोटात कोंडला तर छातीच दाबतो. जॅकेट सर्वांत बाहेर, पाऊस असला तरी.

शिट्टी मण्याविना, कारण मणी असलेली शिट्टी पाण्याने भरली की नीट वाजत नाही. ती फुग्यावर, डाव्या हाताला सापडेल अशी. परावर्तक पट्टी खांद्यांवर, फुगल्यावर दिसेल अशी फुग्यालाच चिकटवलेली. रात्री बॅटरीचा झोत पडला की शोधणाऱ्याला आधी तीच दिसते. दिवा पाण्यात आपोआप लागणारा, ८ तास चालणारा.

उजव्या बरगडीला आकडीच्या आकाराचं, टोक नसलेलं दोरी-कटर. पागाची दोरी मनगटाला बांधलेली असते. जाळं तळाला अडकलं आणि होडी वाहती असली तर तीच दोरी माणसाला ओढते. फुगलेलं जॅकेट आणि अडकलेलं जाळं यांच्यात मनगट सापडतं तेव्हा कापण्याशिवाय उपाय नसतो. उघडं सुरीचं पातं इथे नको, ते आधी फुगाच फाडेल.

६ ऑक्टोबर २०२५ : गळतीची तपासणी

फुगा तोंडाच्या नळीतून घट्ट भरला, २४ तास टांगून ठेवला. सकाळी ढिला, दुपारी पुन्हा घट्ट. ही गळती नाही. ०.१ बार जास्त दाबाच्या फुग्यात तापमान १० अंशांनी उतरलं तर आतला एकूण दाब ३ टक्क्यांनी कमी होतो, पण हाताला जाणवतो तो फक्त जास्तीचा दाब, आणि तो एक-तृतीयांश घटतो. म्हणून भरल्याच्याच वेळी, दुसऱ्या दिवशी, त्याच सावलीत तपासायचं. त्यानंतर साबणाचं पाणी: नळीचा जोड, इन्फ्लेटरचा गॅस्केट, दुमडीच्या रेषा. ज्या ठिकाणी जॅकेट रोज दुमडलं जातं तिथेच आधी झिजतं.

भरायला कंप्रेसर वापरायचा नाही. दाब हाताबाहेर जातो आणि तेलाचा अंश आत शिरतो. सायकलच्या हातपंपाला रबरी नळी लावली तर चालतं.

कार्बन डायऑक्साइड टीपीयूमधून हवेपेक्षा लवकर झिरपतो, त्यामुळे बराच वेळ पाण्यात राहिलेल्याने अधूनमधून नळीतून फुंकर घालावी. जॅकेट रिकामं करताना नळीच्या टोकाला झाकण उलटं दाबलं की झडप उघडते आणि गॅस निघतो. पूर्ण निघाल्याशिवाय घडी घालायची नाही.

११ ऑक्टोबर २०२५ : उचल मोजणं

टाकीत फुगलेल्या जॅकेटला खालून वजनं लटकवून ते केव्हा बुडतं ते पाहायचं, ही सर्वांत सोपी पद्धत. लोखंडाची वजनं वापरताना त्यांचं पाण्यातलं वजन धरायचं. लोखंड पाण्यात सुमारे १३ टक्के हलकं होतं. १५० न्यूटन म्हणजे १५.३ किलो भार, त्यासाठी बाहेर १७.५ किलो लोखंड लागतं. काँक्रीटचे ठोकळे वापरले तर ते ४० टक्क्यांहून जास्त हलके होतात, त्यामुळे कोरड्या वजनावर विसंबलं तर जॅकेट आहे त्यापेक्षा कितीतरी सशक्त वाटतं.

नव्या, वजन करून घेतलेल्या कार्ट्रिजवर जॅकेटने १७.५ किलो लोखंड धरलं. पहिल्या क्षणी गॅस फार थंड असतो म्हणून फुगा किंचित ढिला वाटतो, मिनिटाभरात पाण्याची ऊब लागून घट्ट होतो. कार्ट्रिजवर दव गोठतं. फुटल्यावर लगेच उघड्या हाताने धरू नये.

२४ ऑक्टोबर २०२५ : पाण्यात पडला हे यंत्राला कसं कळावं

इशाऱ्याचं यंत्र फुगण्याच्या वाटेत कुठेही नसेल, हा नियम आधी लिहून ठेवला. बॅटरी संपली, पाणी शिरलं, प्रोग्राम अडकला, तरी जॅकेट फुगलंच पाहिजे. इलेक्ट्रॉनिक्सचं काम एवढंच की होडीवरच्या दुसऱ्याला कळवणं.

पाणी ओळखायला स्टीलची दोन टोकं आणि त्यांच्यातला विद्युतरोध मोजणं ही सगळ्यांना सुचणारी पद्धत. खाडीत ती गोंधळते. समुद्राच्या पाण्याची वाहकता सुमारे ५ सीमेन्स प्रति मीटर. नदीच्या पाण्याची त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. ४ मिलिमीटर व्यासाच्या दोन टोकांमध्ये समुद्राच्या पाण्यात ५० ओहमच्या आसपास रोध येतो, तर नदीच्या गोड्या पाण्यात ८ हजारांच्या आसपास. आता कवचावर नुसती खाऱ्या पाण्याची पातळ ओल असेल तर रोध या दोहोंच्या मध्ये कुठेही पडतो. पावसाळ्यात वासिष्ठीचं गोडं पाणी खाडीत खूप खालपर्यंत येतं, उन्हाळ्यात भरतीचं खारं पाणी वरपर्यंत चढतं. खाऱ्या तुषारांनी ओला झालेला माणूस आणि गोड्या पाण्यात बुडालेला माणूस यांत फरक करणारी एकच मर्यादा ठरवताच येत नाही. शिवाय टोकांवर सतत एकाच दिशेचा प्रवाह दिला तर ती गंजतात. दिशा उलटसुलट करत, क्षणभरच मोजावं लागतं.

म्हणून दाब मोजणारा जलरोधक सेन्सर घेतला, एमएस ५८३७ चा २ बारपर्यंतचा प्रकार. १० सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे १० हेक्टोपास्कल. होडीत उभं राहून बसलं तर हवेच्या दाबात ०.१ च्या आसपासच फरक पडतो, आणि दिवसभरातला हवामानाचा बदल अगदी सावकाश होतो. एका सेकंदात १० हेक्टोपास्कल वाढले तर ते पाणीच. पाणी खारं की गोडं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सेन्सरच्या तोंडावर मऊ जेल असतं, त्यावर बोट किंवा जाळ्याची गाठ दाबली गेली तरी दाब वाढलेला दिसतो. त्यावर बारीक भोकांची टोपी लावली आणि प्रश्न मिटला.

फुगल्यावर सेन्सर पाण्याबाहेर येतो आणि दाब पुन्हा नेहमीचा होतो. म्हणून घटना एकदा नोंदली की हाताने पुसेपर्यंत ती कायम राहते.

१२ नोव्हेंबर २०२५ : खाडीतली चाचणी

कार्तिक वद्य अष्टमी, भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती, प्रवाह मंद. मुद्दाम हा दिवस. उधाणाच्या ओहोटीला चाचणी करायची नाही. पाण्यात उतरणारे सगळे तरबेज पोहणारे, शेजारी दुसरी होडी इंजिन बंद ठेवून, तिच्यावर दोरी बांधलेली ट्यूब. फुगा आधी तलावात तपासलेला.

पाहिलेल्या गोष्टी:

पाठमोरं पडल्यावर आणि तोंडावर पडल्यावर, दोन्ही वेळा झडप उघडली. जॅकेट ठरवलेल्या १० सेकंदांच्या बरंच आत फुगलं. तोंड पाण्यापासून १० सेंटिमीटर वर ही आम्ही धरलेली किमान मर्यादा. जांघेचा पट्टा घट्ट असताना ती सहज मिळाली, सैल असताना मिळाली नाही.

पालथं, अंग सैल सोडून पडल्यावर हाफ पँट आणि गंजीफ्रॉकातला माणूस चटकन पलटला. रबरी पँट आणि गमबूट घातलेल्याला उशीर झाला. बूट जड असतात म्हणून असं होतं ही सर्वसाधारण समजूत. खरं कारण पँटीत अडकलेली हवा. पाय वर तरंगतात आणि शरीर फळीसारखं आडवं राहतं, मग छातीवरच्या फुग्याला ते फिरवायला कठीण जातं. रबरी पँटीला कमरेशी घट्ट पट्टा बांधला तर पाणी सावकाश शिरतं. गमबूट एक माप मोठे घ्यावेत, म्हणजे पाण्यात लाथेने निघतात.

फुगलेल्या जॅकेटमध्ये पोटावर पोहता येत नाही. उताणं राहून दोन्ही हात एकदम मागे मारत जायचं. हे आधी एकदा करून पाहिलेलं नसेल तर माणूस फुग्याशीच झगडत बसतो आणि दमतो.

२९ नोव्हेंबर २०२५ : परत होडीत चढणं

हे काम मूळ आखणीत नव्हतं. चाचणीत दिसलं की फुगलेला फुगा होडीच्या काठाला टेकतो आणि छाती वर येतच नाही. दोघांनी ओढूनही ओल्या कपड्यांतला माणूस वर घेणं अवघड. एकटा असेल तर अशक्यच.

उपाय: १० मिलिमीटर दोरीची दोन पायऱ्यांची शिडी. पायरीच्या जागी दोरी जाड पीव्हीसी पाइपच्या तुकड्यातून ओवलेली, पाइपमध्ये वाळू-सिमेंट भरलेलं. वजन नसेल तर पायरी पाण्यात वर येते आणि पाय ठेवताच होडीच्या बुडाखाली सरकते. खालची पायरी पाण्याखाली किमान ६० सेंटिमीटर. शिडी मधल्या बाकाला कायम बांधलेली, गुंडाळी वेल्क्रोच्या पट्टीत, आणि पट्टीचं टोक पाण्यातल्या माणसाच्या हाताला लागेल इतकं बाहेर. इंजिनच्या बाजूला कधीच नाही. चढण्याआधी नळीतून थोडा गॅस सोडायचा, पण एक हात शिडीवर पक्का असतानाच.

१४ डिसेंबर २०२५ : होडीवरचा भोंगा

जॅकेटमधला रेडिओ ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, जो भारतात कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय वापरता येतो. लोरा (कमी शक्तीत लांबवर छोटे संदेश पाठवण्याची पद्धत) मॉड्यूल, एसएक्स १२६२. दर २ सेकंदांनी छोटा संदेश. सरासरी वापर १ मिलिअँपिअरच्या आसपास, त्यामुळे १५०० मिलिअँपिअर-तासाची एकदाच वापरायची लिथियम बॅटरी रोजच्या ८ तासांवर सुमारे सहा महिने काढते. चार्जिंगचं तोंड ठेवलं नाही, कारण खाऱ्या पाण्यात आधी तेच जातं.

समुद्राच्या पाण्यात या लहरी दर सेंटिमीटरला ८ डेसिबलच्या आसपास मरतात. १० सेंटिमीटर पाण्याखाली गेलं की संपलं. म्हणून अँटेना फुग्याच्या मानेजवळच्या भागावर, फुगल्यावर सर्वांत उंच येणाऱ्या जागी. तर्क दुहेरी ठेवला. फुगून वर आला की यंत्र स्वतः ‘पडला’ असा संदेश पाठवतं. आणि जॅकेट फुगलंच नाही तर संदेश येणं थांबतं, लागोपाठ चार संदेश चुकले की होडीवरचा भोंगा वाजतो. दुसरी वाट जास्त मोलाची आहे, कारण ती सर्वांत वाईट प्रसंगी चालते.

यंत्र बकलात बसवलेल्या चुंबकाने सुरू होतं. बकल उघडं असेल तर होडीवरचा दिवा तांबडा राहतो. तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाला, इंजिन चालू करतानाच दिसतं की कुणी जॅकेट लावलेलं नाही. चुंबक होकायंत्रापासून दूर राहील असं पाहावं.

भोंग्याने इंजिन आपोआप बंद करावं का, यावर बरीच चर्चा झाली. दोघांच्या होडीत तसं केलेलं नाही. खाडीच्या तोंडाशी, फुटणाऱ्या लाटांत, खोट्या इशाऱ्याने इंजिन थांबलं तर होडी आडवी होऊन उलटेल. इशारा वाजला की तांडेलाने ज्या बाजूला माणूस पडला त्याच बाजूला होडी वळवायची. मागचा भाग, म्हणजे पंखा, त्याच्यापासून दूर जातो. मग इंजिन न्यूट्रलला आणायचं.

एकट्या माणसाच्या होडीत भोंगा ऐकायला कुणी नसतं. तिथे आउटबोर्ड इंजिनची लाल गुंडाळीदार दोरी, जी ओढली गेली की इंजिन बंद पडतं, कमरेच्या पट्ट्याला अडकवणं सक्तीचं, कारण ८ नॉटच्या वेगाने होडी दर सेकंदाला ४ मीटर दूर जाते. दहा सेकंदांनी ती चाळीस मीटरवर असते आणि जॅकेट घातलेला माणूस तिच्यामागे पोहून जाऊ शकत नाही.

दूरवर जाणाऱ्या नौकांसाठी हा भोंगा म्हणजे उपग्रहावरच्या संकट-संदेशाचा पर्याय नाही. त्यांच्यासाठी इस्रोचं डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर आहे आणि त्याच्या दुसऱ्या पिढीत संदेश पोहोचल्याची पोच मच्छीमाराला परत मिळते. खाडीत आणि किनाऱ्यालगत फोन लागतो तिथे तटरक्षक दलाचा १५५४. तो फोनवर साठवून, जलरोधक पाकिटात, गळ्यात.

१० जानेवारी २०२६ : देखभालीचं कार्ड

कवचाच्या आत शिवलेल्या कापडावर छापायचा मजकूर पक्का केला.

रोज: कार्ट्रिज हाताने घट्ट आहे का ते फिरवून पाहणे. इंजिनच्या थरथरीने ते सैल होतं, आणि जॅकेट न फुगण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. इन्फ्लेटरवरची, सज्ज असल्याची हिरवी खूण दिसते का. ओढायची मूठ मोकळी आहे का.

आठवड्याला: गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवणे. आपोआप फुगायचा भाग बादलीत बुडवायचा नाही. डिझेलच्या डब्याजवळ टांगायचं नाही.

तीन महिन्यांनी: कार्ट्रिज काढून १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ठेवणे. त्याच्यावर कोरलेलं एकूण वजन आणि काट्यावरचं वजन यांत २ ग्रॅमपेक्षा जास्त घट असेल तर बाद. तोंडाच्या सीलला सुईचं भोक नाही ना, ते भिंगाने पाहणे. फुटलेलं कार्ट्रिज बाहेरून नव्यासारखंच दिसतं. आट्यांवर गंज दिसला तरी बाद, कारण तो गंज फुग्यालाही घासतो.

मासेमारी बंदीच्या काळात, जून-जुलैमध्ये: २४ तासांची गळती-तपासणी, गोळी किंवा झडपेच्या भागावरची मुदत वाचणे, घड्या बदलून ठेवणे.

फुगल्यानंतर सज्ज करताना क्रम महत्त्वाचा. आधी फुगा पूर्ण रिकामा आणि कोरडा. मग इन्फ्लेटरचा आपोआप सुटणारा भाग नवा. मग ओढायची कळ वर आणि हिरवी खूण जागेवर. कार्ट्रिज सर्वांत शेवटी. आधी कार्ट्रिज लावून मग कळ हलवली तर ते हातातच फुटतं.

२५ जानेवारी २०२६ : राहिलेलं काम

खाडीत ओहोटीला तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं काढायला उतरणाऱ्या बायकांसाठी हे जॅकेट चालत नाही. त्या कमरेइतक्या पाण्यात वाकून काम करतात, म्हणजे १० सेंटिमीटरची झडप दिवसभरात केव्हाही उघडेल. त्यांचा धोकाही वेगळा: भरती मागून चढते, परतीच्या वाटेतला खोल चर आधी भरतो आणि पायाखालचा चिखल सोडत नाही. त्यांच्यासाठी दोरी ओढून फुगणारं, नऊवारी किंवा गाऊनवर बसणारं, छातीच्या लहान मापाचं जॅकेट हवं. आज मिळणारे पट्टे पूर्ण आवळूनही सैल राहतात. जांघेचा पट्टा काष्ट्यावर कसा बसवायचा ते त्यांच्यासोबतच बसून ठरवायचं आहे. सोबत ओहोटीच्या वेळापत्रकावर चालणारा, मनगटावर थरथरणारा गजर: पाणी फिरण्याआधी ३० मिनिटं पहिला, फिरल्यावर दुसरा. पहिला नमुना येत्या उन्हाळ्यात, भांगाच्या दिवसांत, काठाला माणूस ठेवून तपासायचा.